मडगार्ड ही बसायची जागा नाही

मृग लागायच्या आधीचे तीन-चार आठवडे माझ्या सक्करदऱ्यातल्या दवाखान्यात एका खास प्रकारच्या जखमा येतात. उमरेड रोडने येणारे हे पेशंट. मोठं ऑपरेशन मेडिकलला झालेलं असतं, सुट्टी मिळालेली असते, आणि पुढच्या ड्रेसिंगसाठी सक्करदऱ्यात राहणाऱ्या मामाकडे किंवा आत्याकडे मुक्काम असतो. जखम पाहिली की विचारायची गरज पडत नाही. रोटाव्हेटर.

असाच एक नऊ वर्षांचा मुलगा. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पट्टी सोडताना त्याच्या वडिलांनी मला जे सांगितलं ते मी आजवर अनेक तोंडांनी ऐकलं आहे. "पोट्टं नुसतं मडगार्डवर बसलं होतं जी, काहीच करत नव्हतं." बाजूला बसलेल्या आजी म्हणाल्या, "नशिबात होतं."

आजींना मी उलट बोललो नाही. पण तुम्हाला सांगतो, नशिबाचा यात काही संबंध नाही.

ट्रॅक्टरला सीट एकच असते. मडगार्ड म्हणजे चाकावरचा चिखल अडवणारा पत्रा. त्याला पाठ नाही, पट्टा नाही, आणि बसणाऱ्याचं बूड नेमकं फिरत्या चाकाच्या वर असतं. वावरात ट्रॅक्टर अगदी सावकाश, ताशी 4 किलोमीटरने चालतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला मीटरभराहून थोडं जास्त. चाकामागे रोटाव्हेटरची पाती फार तर एक-दोन मीटरवर. ढेकळावरून धक्का बसला, पोरगं घसरलं, तर चालवणाऱ्याच्या हातात सेकंद-दीड सेकंद असतो. इंजिनाच्या आवाजात त्याला किंकाळीही ऐकू येत नाही. माणसाला धोका दिसल्यापासून पाय हलवायलाच अर्धा-पाऊण सेकंद जातो. वेळ शिल्लक राहतच नाही.

दुसरी गोष्ट पीटीओच्या दांड्याची, म्हणजे ट्रॅक्टरमधून रोटाव्हेटरला फिरवणारा जो मधला शाफ्ट असतो त्याची. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे. सेकंदाला नऊ. दांडा पाच सेंटीमीटर जाडीचा धरला तरी सेकंदाला जवळपास दीड मीटर कापड तो स्वतःभोवती गुंडाळतो. ओढणी अडीच मीटरची असते. दुपट्टा, लुंगी, सुटलेला पदर यांचं काय होत असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण येतं. नवीन असताना असतं. पहिल्या दुरुस्तीत निघतं आणि मग कोठ्याच्या आढ्याला लटकताना दिसतं. हे आवरण परत बसवायला फारसा खर्च येत नाही, तरीही ते बसत नाही, याचा मला दरवेळी राग येतो.

मोठ्या माणसांच्या जखमा वेगळ्या. पऱ्हाटीच्या काड्या, जुनी दोरी, ओलं गवत पात्यांत अडकतं. चालवणारा उतरतो, इंजिन चालूच ठेवतो, कारण पुन्हा सुरू करायचा कंटाळा, बॅटरीचा भरवसा नाही. "लिव्हर न्यूट्रलला होता डॉक्टरसाहेब." असेल. पण मडगार्डवरच्या माणसाचा गुडघा त्या लिव्हरला लागला असेल तर? माझं सांगणं एवढंच की पात्यांना हात लावायचा असेल तर इंजिन बंद आणि चावी तुमच्या स्वतःच्या खिशात. सोबत्याच्या हातात नाही.

रस्त्यावर आल्यावरचं गणित निराळं. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, वावरात वळायला सोयीचे म्हणून. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी कडी लावावी लागते. ती विसरली आणि वेगात एकच पेडल दाबलं गेलं की ट्रॅक्टर जागेवर फिरतो, उलटतो. रोटाव्हेटर उचललेला असेल तर पीटीओ बंद हवा. रात्रीच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर उमरेड रोडवर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसतच नाही. त्या जखमाही शिवल्या आहेत मी.

उलटण्यावरून आठवलं. धुऱ्यावर चढताना किंवा चिखलात रुतलेला ट्रॅक्टर जोर लावून काढताना पुढची चाकं उचलली जातात आणि दीडेक सेकंदात सगळं यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर मागे येतं. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती लोखंडी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढे कमी होत गेले. आपल्याकडे ट्रॅक्टरवर गाणी वाजवायला डेक असतो. चौकट क्वचितच दिसते.

लेकराला सोबत बसवणं हे फक्त आपल्याकडचं खूळ आहे असं नाही. अमेरिकेत मोठ्या अंगणातलं गवत कापायला बसून चालवायची छोटी यंत्रं असतात, आणि तिथलेही आजोबा नातवाला मांडीवर घेऊन ती फिरवतात. पाय तिथेही जातात. म्हणून तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सरळ सांगितलं आहे: 16 वर्षांखालच्यांनी ते यंत्र चालवायचं नाही, सोबत कुणालाही बसवायचं नाही, आणि यंत्र चालू असेपर्यंत 6 वर्षांखालचं मूल घराबाहेर काढायचं नाही. आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. 1989 च्या रस्ता नियमांतच ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसवायला मनाई होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण वावरात कोण येतो बघायला?

आणि पैशाचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख, एक हात किंवा पाय गेल्यास 1 लाख मिळतात. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. मात्र ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य यांच्यासाठी आहे, वय 10 ते 75. माझा तो पेशंट नऊ वर्षांचा होता. रोजंदारीवर आलेल्या ड्रायव्हरचं नाव सातबारावर नसतं, त्यामुळे तोही बाहेर. त्याच्यासाठी कामगार भरपाईचा कायदा आहे. ट्रॅक्टरने शेतीकाम करणारा मजूर त्या कायद्यात धरलेला आहे आणि भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. हे मालकाला माहीत नसतं, मजुराला तर नसतंच. ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्यांनी याचा विमा काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. ते भाड्यात धरा, लोक देतील.

काम संपल्यावर रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून ठेवा, उचललेला सोडू नका. हायड्रॉलिकचं तेल गळलं की तो आपोआप खाली येतो, आणि त्याच्याखाली सावली असते म्हणून पोरं तिथेच खेळतात. चावी ट्रॅक्टरला ठेवू नका. डिझेलची कॅन चुलीच्या खोलीत नको.

एवढं करूनही झालंच, तर इंजिन आधी बंद करा. अडकलेला पाय ओढू नका, रोटाव्हेटर उलटा फिरवू नका. रक्तावर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने सगळा जोर लावून दाबा. हळद, माती, तंबाखू काही भरू नका. मातीत धनुर्वाताचे जंतू आधीच आहेत. दाबूनही धार थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा, काडीने पीळ द्या आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी किंवा तार वापरू नका. तुटलेला भाग पाण्याने धुऊन ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फात नाही. हाता-पायासाठी साधारण सहा तास हाताशी असतात, आणि उमरेडहून नागपूर पन्नासेक किलोमीटर आहे. 108 ला फोन करताना नुसतं गावाचं नाव सांगू नका. डांबरी रस्त्यावरचा फाटा सांगा, आणि एकाला मोटारसायकल घेऊन त्या फाट्यावर उभं करा. पांदण रस्ता ड्रायव्हरला माहीत नसतो.