विश्लेषण : बाराशे श्रोते, एक रात्र आणि चाहत्यांचे रेकॉर्डिंग, रेडिओहेडने जे केले ते बाकीचे बँड का करत नाहीत?

स्टेडियम भरवणारा एखादा मुरलेला रॉक बँड कधीतरी अचानक छोट्या नाट्यगृहात वाजवतो. आत जेमतेम हजारभर माणसे जातात. बाहेर राहिलेल्या लाखो चाहत्यांच्या हाती उरते ते आतल्यांनी फोनवर, कॅमेऱ्यावर किंवा खिशातल्या रेकॉर्डरवर जे टिपले तेवढेच. अशा रेकॉर्डिंगला कुणी चोरी म्हणते, कुणी दस्तऐवज. दोन्ही बाजू ऐकल्यावर आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, आणि त्याला कारण आहे लॉस एंजेलिसमधला एक शो.

२४ जानेवारी २०१० रोजी काय झाले?

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. त्यानंतर बाराच दिवसांत ब्रिटनच्या रेडिओहेडने लॉस एंजेलिसच्या हेन्री फोंडा थिएटरमध्ये मदतीसाठी कार्यक्रम केला. १९८५ मध्ये शाळेत सुरू झालेला हा बँड तेव्हा मोठमोठी मैदाने भरवत होता. फोंडाची क्षमता बाराशेच्या आसपास. तिकिटांचा ऑनलाइन लिलाव झाला आणि ऑक्सफॅमच्या मदतकार्यासाठी पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सभागृहात वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या असलेल्या प्रेक्षकांनी आपापल्या कॅमेऱ्यांनी शो टिपला होता. चाहत्यांनी ते तुकडे गोळा केले, सेकंदाला सेकंद जुळवले आणि डिसेंबर २०१० मध्ये संपूर्ण कार्यक्रमाचा चित्रपट मोफत खुला केला. बघणाऱ्यांना विनंती एकच : जमेल तेवढे ऑक्सफॅमला द्या. बँडने नोटीस पाठवली नाही. उलट या चित्रपटाला जाहीर पाठिंबा दिला. म्हणजे एका रात्रीत जमलेल्या मदतनिधीला चाहत्यांच्या कॅमेऱ्यांनी अकरा महिन्यांनी पुन्हा हातभार लावला.

त्याआधी ऑगस्ट २००९ मध्ये प्रागच्या शोलाही चाहत्यांनी असेच छोटे कॅमेरे वाटून घेऊन चित्रण केले होते. त्या वेळी तर बँडने स्वतःकडचा मूळ ध्वनी त्यांना देऊन टाकला. चित्र प्रेक्षकांचे, आवाज बँडचा.

बाकीचे बँड काय करतात?

याच फोंडा थिएटरमध्ये २० मे २०१५ रोजी रोलिंग स्टोन्सने ‘स्टिकी फिंगर्स’ हा आपला १९७१ चा आख्खा अल्बम वाजवला. त्याचे अधिकृत चित्रण झाले आणि ते बाजारात आले २०१७ मध्ये. पुढे १९ ऑक्टोबर २०२३ रोजी स्टोन्सने न्यूयॉर्कच्या ‘रॅकेट’ या क्लबमध्ये सात गाण्यांचा छोटा शो केला. नवा अल्बम दुसऱ्या दिवशी यायचा होता. मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचे होते. लेडी गागा शेवटच्या गाण्याला मंचावर आली आणि रात्र सरायच्या आत फोनवरच्या क्लिप जगभर फिरल्या. अधिकृत ध्वनिमुद्रण १५ डिसेंबरला, अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत आले. क्लिप आधी फिरल्या म्हणून ते काढणे कुणी थांबवले नाही.

तिसरा मार्ग पॉल मॅकार्टनींचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या बावरी बॉलरूममध्ये तीन शो केले. जागा सहाशेच्या आत, आणि प्रेक्षकांचे फोन दारातच कुलूपबंद पिशवीत. पिशवी तुमच्याजवळच राहते, फक्त उघडत नाही. बीटल्सचा माणूस ८२ व्या वर्षी सहाशे लोकांसमोर गातो, आणि त्या रात्रीचे श्रोत्यांकडे काहीच उरत नाही. आम्हाला हे पटत नाही.

छोट्या सभागृहातला आवाज वेगळा का असतो?

इथे थोडे भौतिकशास्त्र लागेल. स्टेडियममध्ये तुम्ही बँड ऐकत नाही, स्पीकरचे मनोरे ऐकता. मंचापासून १०० मीटरवर आवाज पोहोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणून मैदानात मध्ये मध्ये आणखी स्पीकर लावून त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. छोट्या सभागृहात असे काही नसते. ड्रम थेट कानावर येतात. गिटारचा आवाज मंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधूनच खोलीभर पसरतो. गायकाच्या गळ्याला मात्र स्पीकरची गरज असते.

यातून एक मजेशीर गोष्ट होते. ध्वनिसंयोजकाच्या टेबलावरून (ज्याला साउंडबोर्ड म्हणतात) थेट केबल लावून रेकॉर्डिंग केले तर ते सर्वांत चांगले असेल, असे आपल्याला वाटते. मोठ्या मैदानावर ते बहुतेक वेळा खरेही असते. पण छोट्या जागेत गिटार आधीच खोलीत मोठ्याने वाजत असते, म्हणून संयोजक तिला टेबलावर कमी ठेवतो. मग केबलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारा कानाशी आणि गिटार जणू शेजारच्या खोलीत! खोलीत प्रत्यक्ष जे ऐकू आले ते समतोल स्वरूपात पकडतो तो श्रोत्यांमध्ये उभा असलेला चांगला मायक्रोफोन. म्हणूनच अनुभवी रेकॉर्डिंग करणारे, ज्यांना इंग्रजीत ‘टेपर’ म्हणतात, पहिल्या रांगेसाठी धडपडत नाहीत. ते संयोजकाच्या टेबलाजवळ उभे राहतात, कारण तो माणूस स्वतःच्या कानांनी तिथलाच आवाज जुळवत असतो.

मग फोनवर आवाज फाटतो का?

फोनचा मायक्रोफोन तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि तो बोलण्यासाठी बनवलेला असतो. रॉक शोमध्ये आवाज सहज १०० ते ११० डेसिबलपर्यंत जातो, ड्रमचे ठोके त्याहून वर. फोनच्या मायक्रोफोनची सहनशक्ती साधारण १२० डेसिबलच्या आसपास संपते. पण खरा घोटाळा त्याच्याही पुढे आहे. आवाज वाढला की फोन आपणहून संवेदनशीलता खाली ओढतो, शांतता झाली की वर. त्यामुळे गाण्यातला चढउतार सपाट होतो आणि दोन गाण्यांमध्ये शेजारच्याची शिट्टी ड्रमइतकीच मोठी ऐकू येते. गोंगाट कमी करणारी यंत्रणा सतत वाजणाऱ्या झांजेलाही पंख्याची घरघर समजून खाते. वर ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की पुन्हा एकदा दाबली जाते.

दोन छोटे मायक्रोफोन आणि एक चांगला रेकॉर्डर वापरणाऱ्याला यातले बहुतेक त्रास होत नाहीत. आता ३२-बिट फ्लोट नावाच्या पद्धतीत आवाज नोंदवणारे तळहाताएवढे रेकॉर्डर मिळतात. त्यात पातळी आधी ठरवली नाही तरी रेकॉर्डरकडून आवाज कापला जात नाही. मायक्रोफोनने तेवढा जोर सोसला म्हणजे झाले.

हे टेपर कोण?

ही जमात फोनच्या कितीतरी आधीची. स्टोन्सच्या नोव्हेंबर १९६९ च्या ओकलंडमधील शोचे श्रोत्यांमधून केलेले रेकॉर्डिंग महिन्याभरात बेकायदा तबकडी म्हणून विकले जाऊ लागले. बँडचा अधिकृत लाइव्ह अल्बम आला तो सप्टेंबर १९७० मध्ये. असे लोक म्हणजे चोर, हा समज तेव्हापासूनचा. लेड झेपेलिनचे मॅनेजर पीटर ग्रँट यांनी तर १९७१ मध्ये व्हँकुव्हरला रेकॉर्डिंगचे यंत्र समजून एक उपकरण स्वतःच्या हाताने फोडले. ते निघाले शहरातल्या ध्वनिप्रदूषणाची मोजणी करणाऱ्यांचे.

याउलट ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये टेपरांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. तिकीट काढा, मायक्रोफोन उभारा, एकमेकांना टेप द्या. फक्त विकू नका. तो बँड बुडाला नाही. रेकॉर्डिंग ऐकून पुढच्या शोला येणारे वाढतच गेले.

आणि लॉस एंजेलिसचे माइक मिलर्ड. त्यांनी २६ एप्रिल १९७५ रोजी पिंक फ्लॉइडचा शो गुपचूप टेप केला. जागा मोठी होती, पण काम इतके नेटके की डिसेंबर २०२५ मध्ये ‘विश यू वेअर हिअर’च्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या अधिकृत संचात स्टीव्हन विल्सन यांनी साफ केलेले तेच रेकॉर्डिंग घालण्यात आले. मिलर्ड १९९४ मध्येच गेले होते.

बँडचा आक्षेप चुकीचा आहे का?

पूर्ण नाही. छोट्या जागेत कलाकाराला प्रत्येक पडदा दिसतो. समोर चेहऱ्यांऐवजी उजळलेले आयत असतील तर गाणे कठीण होते, आणि मागच्या माणसाला मंचाऐवजी पुढच्याचा फोन दिसतो. शिवाय अर्धे रचलेले नवे गाणे बँड अशाच ठिकाणी वाजवून पाहतो. ते त्याच रात्री जगभर गेले तर पुढच्या वेळी तो धाडस करणार नाही. हे मुद्दे खरे आहेत. पण पहिला मुद्दा पडद्यांविरुद्ध आहे, ध्वनिमुद्रणाविरुद्ध नाही. खिशातला रेकॉर्डर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दुसऱ्यासाठी ‘हे गाणे वगळा’ एवढे मंचावरून सांगणे पुरते. टेपर मंडळी अशी विनंती पाळतात, कारण पुढच्या वेळी आत जाणे त्यावरच अवलंबून असते.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९९४ पासून कलाकाराच्या संमतीविना लाइव्ह संगीताचे ध्वनिमुद्रण हाच हक्कभंग मानला जातो. भारतात चित्र थोडे वेगळे आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलाकाराचा ५० वर्षे हक्क असतो. मात्र कलम ३९ खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट देते. यूट्यूबवर टाकले की ते खासगी राहत नाही. शिवाय तिकिटावरच्या अटी वेगळ्या; आयोजकाने मनाई लिहिली असेल तर तो तुम्हाला बाहेर काढू शकतो.

आपल्याकडे हे नवे आहे का?

अजिबात नाही. केसरबाई केरकरांचा ध्वनिमुद्रणाला असलेला विरोध प्रसिद्ध आहे. आपली गायकी कुणी उचलेल, ही त्यांची धास्ती होती. तरीही अनेक थोर गवयांचे तासाभराचे ख्याल आज ऐकायला मिळतात ते कुणा रसिकाने बैठकीत स्पूल लावला होता म्हणून. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ते मावलेच नसते. अशा टेपांवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. मराठी घरात हे सांगितले की कुणी त्याला चोरी म्हणत नाही. रॉकच्या बाबतीत मात्र लगेच भुवया उंचावतात.

तुम्ही अशा शोला गेलात तर?

आज सहाशे श्रोत्यांकडे सहाशे फोन असतात, पण पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत सलग रेकॉर्डिंग मिळणे दुर्मीळ. तीस-तीस सेकंदांचे उभे तुकडे असतात आणि फोनची जागा भरली की तेही पुसले जातात. रेडिओहेडच्या चाहत्यांना चित्रपट जुळवता आला, कारण मूळ फाइल कुणीतरी जपल्या होत्या.

तेव्हा मनाई नसेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, व्हिडिओऐवजी फक्त ध्वनी घ्या, पडदा बंद करून तो वरच्या खिशात ठेवा. अ‍ॅपमध्ये ‘वेव्ह’ फॉरमॅट असेल तर तो निवडा. तासाभराला साधारण ३०० ते ६०० एमबी जागा लागेल. फाइलच्या नावात तारीख, शहर, सभागृह आणि तुम्ही कुठे उभे होतात ते लिहा. मित्राला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि मूळ फाइलची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर राहू द्या.