आनंदाच्या दाराशी पायरी

‘ज्यांना धड औषधपाणी मिळत नाही, त्यांना सफारी कसली दाखवता?’ अपंगांच्या करमणुकीचा विषय कोठेही निघाला, की हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी माणसे दुष्ट नसतात. पुष्कळदा ती दानशूर असतात, धर्मग्रामाच्या कामात पुढे असतात आणि आपण व्यवहाराचे बोलत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. तरीही हा प्रश्न आम्हांस अत्यंत घातक वाटतो. कारण त्यात एक निवाडा दडलेला आहे. अपंग माणसाला अन्न लागते, औषध लागते, आसरा लागतो. आनंद लागत नाही. लागलाच तर इतर सर्वांचे भागल्यावर उरल्यासुरल्यातून तो द्यावा, असा हा निवाडा.

तो खोटा आहे हे दाखवण्यासाठी आम्ही मुद्दामच असे उदाहरण घेत आहोत, जे प्रथमदर्शनी शुद्ध चैनीचे वाटेल.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्ने कंपनीने २२ एप्रिल १९९८ रोजी ‘ॲनिमल किंगडम’ हे उद्यान उघडले. आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे त्या देशात आहेत, त्यांतील काहींनी ते पाहिलेही असेल. तेथे ‘किलिमांजारो सफारी’ नावाची फेरी आहे. उघड्या मोठ्या गाडीत बसायचे आणि सुमारे वीस मिनिटे जिराफ, हत्ती, गेंडे, सिंह पाहत फिरायचे. प्राणी खरे आहेत. बाकी पुष्कळसे बनवलेले. गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष काँक्रीटचे आहेत. आफ्रिकेतील कच्च्या रस्त्याचा भास व्हावा म्हणून चाकोऱ्यासुद्धा काँक्रीट ओले असतानाच उमटवलेल्या आहेत. गाडीला बसणारा धक्काही योजून दिलेला आहे.

आमच्या म्हणण्याचे सार या एका तपशिलात आहे. अरण्यात दगड आडवा आला, तर तो निसर्गाने ठेवला असे म्हणता येईल. पण जेथे खड्डासुद्धा आराखडा करून पाडला जातो, तेथे अपंगाची वाट अडवणारी पायरी आपोआप उगवत नाही. ती कोणीतरी आखलेली असते आणि कोणीतरी मंजूर केलेली असते. म्हणून तिला दुर्दैव म्हणणे ही पळवाट आहे. तो एक निर्णय आहे, आणि निर्णयाचा जाब विचारता येतो.

किलिमांजारो सफारीच्या बाबतीत हा निर्णय योग्य बाजूने झाला. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीतून न उठता गाडीत जाता येते आणि आपल्या कुटुंबाबरोबर फेरी करता येते. (‘चाकाची खुर्ची’ हा शब्द कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या त्याच नावाच्या आत्मकथनामुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, आम्ही तोच वापरतो.) मग ही कंपनीची भूतदया म्हणावी काय? आमच्या मते नाही. उद्यानाच्या आधी कायदा आला होता. २६ जुलै १९९० रोजी थोरले राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. २६ जानेवारी १९९३ नंतर प्रथमच वापरात येणारी सार्वजनिक वापराची नवी वास्तू अपंगांना वापरता येईल अशीच बांधली पाहिजे, असे बंधन त्यातून आले. १९९८ साली उघडलेल्या उद्यानाच्या आराखड्यावर पहिली रेघ ओढतानाच ही अट टेबलावर होती. नकाशावर रॅम्प दाखवायला पेन्सिल पुरते. इमारत उभी राहिल्यावर तोच रॅम्प करायचा तर घण लागतो, आणि मग खर्चाचे रडगाणे सुरू होते.

तो कायदाही कोणी आपण होऊन दिला नाही. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकन संसदेच्या भव्य इमारतीसमोर अपंग माणसे जमली. त्यांतील कित्येकांनी चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि हाताकोपरांवर सरपटत त्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. राष्ट्राच्या सर्वोच्च सभागृहाचा जिना आपल्याला कसा दिसतो, हे त्यांनी भाषणावाचून दाखवले. चार महिन्यांनी सही झाली.

परंतु त्याच ॲनिमल किंगडममध्ये दुसरी बाजूही आहे. २०११ सालापासून तेथे ‘वाइल्ड आफ्रिका ट्रेक’ ही वेगळे पैसे आकारून नेली जाणारी, वाटाड्यासह सुमारे तीन तासांची सहल आहे. झाडीतून खडबडीत वाटेने चालायचे, अंगाला सुरक्षेचे पट्टे बांधून वरून पाणघोडे न्याहाळायचे, मगरींच्या डोक्यावरून झुलत्या दोरपुलाने जायचे आणि नंतर गाडीतून माळ हिंडायचा. पुलाच्या फळ्या मोडक्या दिसाव्यात अशाच बसवल्या आहेत. तेथील भय खोटे आहे, कारण पट्टा कोणाला पडू देत नाही. वगळणे मात्र खरे आहे, कारण ज्याला आपल्या पायांनी चालता येत नाही, त्याला ही सहल घेता येत नाही.

‘दोरपुलावर चाकाची खुर्ची कशी न्यायची?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि प्रत्येक पूल प्रत्येक खुर्चीला पेलला पाहिजे असा आमचा हट्ट नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. काँक्रीटमधून आफ्रिका उभी करणाऱ्या बुद्धीला त्याच पाणघोड्यांच्या कड्याशी नेणारी दुसरी सपाट वाट सुचणे अशक्य होते काय? एक पूल ओलांडता येत नाही, म्हणून तीन तासांची अख्खी सहल का नाकारायची? अडचण एका जागी आहे आणि नकार सगळ्याला आहे, असे दिसले की अडचण हे निमित्त आहे असे समजावे.

सुरक्षेचा मुद्दाही पुढे येतो. प्राणी हिंस्र, वेळप्रसंगी गाडी रिकामी करावी लागेल, अपंगाला कोण उतरवणार? याबाबत अमेरिकन नियमांचे सूत्र आम्हांस न्याय्य वाटते. सुरक्षेच्या अटी घालाव्यात. पण त्या प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या असाव्यात, अपंगांविषयीच्या तर्कावर वा समजुतीवर नव्हे. आणि सोयीचा खर्च भागवण्यासाठी अपंगाकडून वेगळा आकार घेऊ नये. आपल्याकडे ‘तुमच्याच काळजीपोटी सांगतो’ या गोड वाक्याने जितकी दारे बंद झाली आहेत, तितकी उघड तिरस्काराने झाली नसतील.

२०१२ साली अमेरिकेच्या एका संघराज्यीय अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडविषयी दिलेला निकाल या संदर्भात मननीय आहे. स्नायूंच्या विकाराने ग्रस्त असलेल्या एका मातेला मुलीसह तेथे जायचे होते. बसणे-उठणे कष्टाचे असल्याने तिला उभ्याने चालवायचे दुचाकी यंत्र न्यायचे होते. कंपनीचे म्हणणे, खुर्ची किंवा स्कूटर आहे ना, त्यावर भागवा. खालच्या न्यायालयाने तिचा दावा काढून टाकला. अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि सांगितले की, कसेबसे आत येता आले एवढ्याने कर्तव्य संपत नाही. इतर पाहुण्यांना जो अनुभव मिळतो, त्यासारखाच अनुभव अपंगाला मिळावा यासाठी वाजवी उपाय योजले पाहिजेत. यंत्रापासून खराच धोका असेल, तर तो सिद्ध करण्याची मुभा कंपनीला राहिलीच. ‘भागवून घ्या’ हा शब्द न्यायालयाने नाकारला. आपल्या समाजात अपंगांना सर्वांत जास्त ऐकवला जाणारा शब्द तोच नव्हे काय?

आता आपल्या श्रद्धेकडे वळू. ईयोबाचा ग्रंथ आपण दुःखाचा ग्रंथ म्हणून वाचतो. पण त्याच्या अखेरीस देव काय करतो, हे नीट पाहिले पाहिजे. सर्वांगाला फोड आलेला, राखेत बसलेला, सर्वस्व गमावलेला हा माणूस देवाकडे उत्तर मागत आहे. देव त्याला औषध देत नाही, आपल्या कृतीचे कारणही सांगत नाही. तो त्याच्यासमोर वन्य सृष्टी उभी करतो. सिंहीण, कावळा, रानबकरी, रानगाढव, शहामृग, ससाणा, गरुड. आणि शेवटी बेहेमोथ व लिव्याथान, ज्यांत अनेक अभ्यासकांना पाणघोडा आणि मगर दिसते. म्हणजे ज्या दोन प्राण्यांजवळ जाण्यासाठी फ्लोरिडात पायांची अट आहे, तेच दोन प्राणी देवाने राखेतून उठू न शकणाऱ्या रुग्णाला दाखवले. आणि उत्पत्तीच्या ग्रंथात तर देव पशुपक्ष्यांनाच आदामाकडे घेऊन येतो. निर्मितीचे दर्शन हे पाय असलेल्यांचे बक्षीस आहे, असे पवित्र शास्त्रात कोठेही नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. १९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाचे अपंग वर्ष होते. त्या वर्षी ४ मार्च रोजी पवित्र धर्मासनाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजाचे पहिले तत्त्व हेच, की अपंग व्यक्ती ही पूर्णार्थाने मानवी व्यक्ती आहे आणि तिचे हक्क उपजत, पवित्र व अभंग आहेत. पूर्ण हक्क याचा अर्थ निम्मे जीवन असा होऊ शकत नाही.

आपल्या देशाचे काय? २००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्यात करमणूक, विश्रांती, क्रीडा आणि पर्यटन यांसाठी स्वतंत्र कलम आहे. १९९५ च्या कायद्याच्या जागी २०१६ चा अधिक व्यापक कायदा आला. त्यातही इतरांच्या बरोबरीने करमणुकीत भाग घेण्याचा हक्क नमूद आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, सुगमतेचे मापदंड केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक नियम करा. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली होती. सरकारने त्यांना ‘दिव्यांग’ हे नवे नाव दिले. नाव दिव्य झाले, बसची पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली.

आमच्या परिचयातील एक कुटुंब आपल्या तरुण मुलाला घेऊन एका प्राणी उद्यानात गेले होते. सफारीच्या बसला उंच पायऱ्या. चाकाची खुर्ची आत जाईना. तिकीट देणारा सौजन्याने म्हणाला, ‘उचलून घ्या ना, आम्ही मदत करतो.’ तेवीस वर्षांच्या त्या तरुणाने मान हलवली. ‘तुम्ही जाऊन या,’ असे म्हणून तो झाडाखाली थांबला. कोणी त्याला मानी म्हणेल. आम्ही त्याला शहाणा म्हणतो. चारचौघांत पोत्यासारखे उचलले जाणे ही सोय नव्हे. मदत करणाऱ्याचे हात कितीही प्रेमळ असोत, ज्याचा देह उचलला जातो त्याची परवानगी आणि त्याचा मान यांचाही विचार व्हावा लागतो. त्या दिवशी तेथे दयेची वाण नव्हती. एका फळीची होती.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे काही स्पष्ट सांगणे आहे. सहल ठरवताना, मग ती बालकांची असो, तरुणांची असो वा ज्येष्ठांची, जेवणाची चौकशी करण्याआधी विचारा: चाकाची खुर्ची आत जाते का? वाहनात चढते का? शौचालयाचे दार तिला पुरेल एवढे रुंद आहे का? उत्तर नाही असे आले, तर दुसरे ठिकाण निवडा आणि आपण का येत नाही हे व्यवस्थापनाला लेखी कळवा. पन्नास तिकिटे गेली की ज्यांना करुणा कळत नाही त्यांनाही हिशेब कळतो. उद्यान सरकारी असेल, तर २०१६ च्या कायद्याचा उल्लेख करून अर्ज करा. आणि हाच प्रश्न आपल्या सभागृहांना, आपल्या ख्रिस्तमंदिरांच्या दारांना, वाचनवेदीच्या पायऱ्यांना विचारा. नवे बांधकाम काढाल तेव्हा नकाशा मंजूर करणाऱ्या समितीत चाकाच्या खुर्चीवरचा एक माणूस बसवा. त्याच्या वतीने बोलू नका, त्याला बोलू द्या.

मार्कच्या शुभवर्तमानातील कफर्णहूमचे ते घर आपल्याला आठवत असेल. दारात गर्दी दाटलेली, आणि चौघे जण पक्षाघात झालेल्या मित्राला खाटेसह घेऊन आलेले. ‘आज गर्दी आहे, याला घरीच ठेवू आणि प्रभूने काय सांगितले ते संध्याकाळी येऊन कळवू,’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी छप्पर उघडले. प्रभू येशूने छपराच्या नुकसानीबद्दल एक शब्दही काढला नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. आपल्याला तर छपरावर चढायचेही नाही. आपल्याला दाराशी एक रॅम्प हवा आहे, आणि तो पुढच्या सहलीच्या आधी मागायचा आहे.