न संपणारा डाव

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांपायी वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. बंदी आवश्यकच होती. मात्र पैशाचा खेळ ओळखण्यासाठी या कायद्याने मुख्य खूण धरली ती परताव्याच्या आशेची: पैसे लावायचे आणि बदल्यात पैसे किंवा तसाच लाभ मिळेल अशी अपेक्षा ठेवायची. ज्या खेळात पैसे नुसतेच जातात आणि रुपयाही परत येण्याची शक्यता नसते, तो या खुणेने ओळखू येत नाही. नववीतला मुलगा आईच्या फोनवरून ‘टॉप-अप’ करतो, मिळालेले डायमंड ‘लकी स्पिन’वर उधळतो आणि हवी ती बंदुकीची ‘स्किन’ निघेपर्यंत चक्र फिरवत राहतो. रमीच्या टेबलावर बसलेल्या त्याच्या काकाला कायद्याने वाचवले. हा मुलगा मात्र अजून उघड्यावर आहे.

या चक्रामागचे शास्त्र जुने आहे. बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून, कधी तिसऱ्या प्रयत्नाला तर कधी तिसाव्या, असे दिले तर लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकातच कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. जुगाराची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. जपानी मोबाइल खेळांनी हे तत्त्व ‘गाचा’ या नावाने मुलांच्या खिशापर्यंत आणले. सोडतीतून निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस, असा त्यातला एक प्रकार जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०१२मध्येच बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८मध्ये पैसे घेऊन उघडल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना, म्हणजे ‘लूट बॉक्स’ना, जुगार म्हटले. सर्वांत बोलके प्रकरण दक्षिण कोरियातले आहे. तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२४मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोठावला, कारण ‘मेपलस्टोरी’ या खेळात तिने खेळाडूंना न सांगता सोडतीची शक्यता घटवली होती आणि लोकांना सर्वाधिक हव्या असलेल्या गुणांच्या काही जोड्या निघण्याची शक्यता तर शून्यावर आणली होती. लोक पैसे भरत राहिले आणि निघूच न शकणाऱ्या जोडीची वाट पाहत राहिले. जत्रेतल्या सोडतवाल्याने चिठ्ठ्यांच्या डब्यात बक्षिसाची चिठ्ठीच टाकली नाही, तर गावकरी त्याला पोलिसांच्या हवाली करतात. तेच काम कंपनीने पडद्याआड केले आणि ते उघड व्हायला वर्षे गेली.

‘गेमिंगचे व्यसन’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, हेही या ठिकाणी मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमिंगच्या विकाराला जागा मिळाली. पण त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींवर खेळाने कुरघोडी करणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारण वर्षभर टिकले आणि त्याने शिक्षण, नाती, रोजचे जगणे विस्कटले तरच तो विकार. सुट्टीत दिवसभर मोबाइलवर खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. जगभरातल्या अभ्यासांची एकत्र छाननी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हे प्रमाण सुमारे तीन टक्के आणि अधिक काटेकोर अभ्यासांपुरते पाहिले तर दोन टक्क्यांच्या आसपास निघाले. या निदानालाच काही संशोधकांनी लेखी आक्षेप घेतला होता. नैराश्य, एकटेपणा किंवा घरातली भांडणे यांतून मूल खेळात आसरा शोधते, आपण मूळ दुखणे सोडून आसऱ्यालाच रोग म्हणतो, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक चालते. अशा ठिकाणी आलेल्या मुलाकडून फोन काढून घेतला म्हणजे उपचार झाला, असे कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. पण या आक्षेपातून कंपन्यांची सुटका होत नाही. मूल आधीच खचलेले असेल तर त्याच्यासमोर रोज रात्री बाराला नवे बक्षीस, चोवीस तासांत संपणारी ‘ऑफर’ आणि एक दिवस चुकला की तुटणारी ‘स्ट्रीक’ ठेवणे अधिकच अक्षम्य ठरते. फुकट मिळणाऱ्या खेळांची कमाई बहुतांशी थोड्याशा खेळाडूंच्या भरमसाट खर्चावर चालते. या उद्योगात अशा गिऱ्हाइकांना ‘व्हेल’ म्हणतात. लूट बॉक्सवर अधिक खर्च करणाऱ्यांत जुगाराची समस्याही अधिक दिसते, हा संबंध २०१८पासून एकामागून एक पाहण्यांत आढळला आहे. दोन-तीन टक्के हा आकडा लहान वाटतो खरा, पण धंद्याची नजर नेमकी तिथेच खिळलेली असेल तर त्याचे लहानपण काही दिलासा देत नाही.

या दुखण्यावर सरकारांना सुचणारा पहिला उपाय घड्याळाचा असतो. दक्षिण कोरियाने २०११मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. दहा वर्षांनी तो नियम स्वतःच रद्द केला. चीनने २०१९मध्ये अल्पवयीनांना शाळेच्या दिवशी दीड तासाची मर्यादा घातली आणि २०२१मध्ये ती शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ इतकी आवळली. पैकी २०१९च्या मर्यादेचा परिणाम संशोधकांनी अब्जावधी तासांच्या खेळाच्या नोंदींवरून तपासला, तेव्हा अतिखेळ घटल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. चीनइतकी पाळत ठेवणाऱ्या राजवटीला जे साधल्याचे दिसले नाही, ते आपल्याकडे एखाद्या परिपत्रकाने साधेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपला स्वतःचा अनुभवही वेगळा नाही. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, ती देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, एका वर्षाने पुन्हा काढला गेला आणि मे २०२३मध्ये पुन्हा आला. या येण्या-जाण्याचे कारण खेळाची बांधणी हे नव्हते. नव्या नावाने येताना कंपनीने अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा जाहीर केली, सोबत खर्चाचीही: दिवसाला ७,००० रुपये. महिन्याचा हिशेब दोन लाखांच्या वर जातो. महाराष्ट्रातल्या किती घरांची महिन्याची मिळकत तेवढी आहे? मुलांच्या रक्षणासाठी म्हणून हा आकडा ठरतो आणि त्यावर कोणाला प्रश्न पडत नाही, यातच आपली नजर किती चुकीच्या जागी आहे ते दिसते.

पालकांनी लक्ष द्यावे, सरकार कशाला हवे, हा पुढचा युक्तिवाद. लक्ष द्यायलाच हवे. मुलाला माहीत असलेला यूपीआय पिन बदलणे, रात्री फोन आपल्या उशाशी ठेवणे, आणि त्याआधी मूल काय खेळते ते एकदा त्याच्या शेजारी बसून पाहणे, एवढे प्रत्येक घरात होऊ शकते. मूल बोलेनासे झाले, शाळा चुकवू लागले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो. तो घेण्यात लाज कसली? मात्र जिथे शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, दोघे आईवडील कामाला जातात आणि घरात दोनच खोल्या असतात, तिथे ‘फोन देऊच नका’ हा सल्ला ऐकायलाच बरा वाटतो. शिवाय कितीही दक्ष बापाला खेळाच्या आतली सोडत प्रामाणिक आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. औषधाच्या बाटलीत काय आहे हे तपासणे आपण प्रत्येक आईवर सोपवत नाही, अन्न व औषध प्रशासन नेमतो. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सला २०२२च्या डिसेंबरात एकूण ५२ कोटी डॉलर मोजण्याचे मान्य करावे लागले. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते, कारण बटणांच्या फसव्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी होत होती आणि मुले पालकांच्या संमतीवाचून पैसे घालवू शकत होती. हे कोणा आईच्या बारीक लक्षाने उघडकीला आले नसते. त्यासाठी चौकशीचा अधिकार असलेली यंत्रणा लागली.

प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीचा विरंगुळा बिघडवणाराच वाटतो, असेही म्हटले जाते. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतील असे एकेकाळी म्हणत, मग सिनेमा, मग टीव्ही. ही आठवण ठेवणे चांगलेच, कारण तिच्यामुळे खेळाचाच तिरस्कार करण्यापासून आपण वाचतो. व्हिडिओ गेम ही आज एक कला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२०मध्ये आणलेला ‘राजी’ हा खेळ घ्या: हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी झुंजणारी मुलगी, राजस्थानी महालांच्या धर्तीवरची दृश्ये, आपल्या पुराणांतून आलेल्या देवता. टोरांटोच्या एका स्टुडिओचा २०२३मधला ‘वेण्बा’ कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ आईच्या स्वयंपाकघरात घडतो. फाटक्या वहीतल्या पाककृती जुळवताना परदेशात वाढणाऱ्या मुलाचे भाषेशी तुटत जाणारे नाते समोर येते. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाला तो आपलाच वाटेल. असे खेळ मुलांना आवर्जून द्यावेत, त्यांच्यासोबत बसून खेळावेत. ते एकदाच विकत घ्यायचे असतात आणि काही तासांत पुरे होतात. खेळ निवडताना आमच्या मते हीच पहिली कसोटी असावी. लगोरीचा, आट्यापाट्यांचा, पत्त्यांतल्या झब्बूचासुद्धा डाव संपतो. कोणावर तरी राज्य येते, पत्ते पिसले जातात, दिवेलागणीला हाक येते आणि भिडू पांगतात. मोबाइलवरच्या ज्या खेळांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांचा डाव संपू नये म्हणून पगारी माणसे काम करतात. कादंबरी वाचकाकडे पाहत नाही, तो कंटाळला हे ओळखून पुढचे प्रकरण बदलत नाही. हा खेळ खेळणाऱ्याच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवतो आणि तो उठून जाण्याच्या बेतात असताना त्याच्यापुढे काय टाकायचे ते ठरवतो. म्हणूनच जुन्या भीतीचा दाखला या ठिकाणी पुरत नाही.

आता अंमलबजावणीचे. बेल्जियमच्या बंदीनंतर चार वर्षांनी एका संशोधकाने तेथील सर्वाधिक कमाईचे १०० आयफोन खेळ तपासले, तर ८२ खेळांत लूट बॉक्स तसेच होते. बंदी घातली, पण ती राबवली नाही, त्याचे हे फळ. आपल्या २०२५च्या कायद्यात ऑनलाइन खेळांसाठी प्राधिकरणाची तरतूद आहे आणि ई-स्पोर्ट्सला उत्तेजनही आहे. ते स्वागतार्ह आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदके दिली गेली, आपल्याकडच्या मुलांनीही अशा स्पर्धांत उतरावे. पण कौशल्याच्या स्पर्धेला चक्र फिरवण्याची गरज नसते, त्यामुळे सोडतीवर बंधन आल्याने ई-स्पोर्ट्स बुडतील ही भीती निराधार आहे. प्राधिकरणाने अठरा वर्षांखालील खेळाडूला पैसे घेऊन सोडत विकण्यास पूर्ण मनाई करावी. प्रौढांसाठी प्रत्येक सोडतीची शक्यता पडद्यावर छापण्याची सक्ती करावी, जशी कोरियाने मार्च २०२४पासून केली, आणि छापलेला आकडा खरा आहे का हे कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन तपासण्याचा अधिकार घ्यावा. किमती डायमंड, यूसी अशा खेळातल्या चलनांत न दाखवता रुपयांत दाखवाव्यात.

बाकीच्यासाठी तर नव्या तरतुदीचीही वाट पाहायला नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या पद्धतींची यादी अधिसूचित केली आहे. खोटी घाई लावणे हा त्यातला पहिलाच प्रकार आहे आणि ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ म्हणत रोज फिरणारे चक्र त्याच यादीतून तपासता येते. या ग्राहक प्राधिकरणाने सर्वाधिक खेळले जाणारे दहा मोबाइल खेळ मागवून घ्यावेत, ही यादी त्यांच्यावर लावावी आणि जे सापडेल ते जाहीर करावे.