प्रबंधाची मधली वर्षे

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी उत्साहाची वाण नसते आणि शेवटच्या सहामाहीत मुदतीचा धाक पुरेसा ठरतो. संशोधकाचा कस लागतो तो मधल्या वर्षांत, जेव्हा कोर्सवर्क, म्हणजे संशोधनपद्धतीचा अनिवार्य अभ्यासक्रम, उरकलेला असतो, विषयाचा आराखडा मंजूर झालेला असतो आणि सहामाही प्रगती अहवालात लिहिण्याजोगे मात्र हाती फारसे काही नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनुसार या पदवीसाठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा अवधी मिळतो, त्यामुळे हा मधला टप्पा चांगलाच लांबू शकतो.

या टप्प्यावर हात थबकला की त्याला आळस म्हटले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या दैनंदिनीतील सुमारे १२,००० नोंदी तपासून २०११ साली असा निष्कर्ष मांडला की, माणसाला कामाचा हुरूप देणाऱ्या गोष्टींत अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना प्रगती झाल्याची जाणीव सर्वांत प्रभावी असते. हुरूप आला म्हणजे काम होते, या रूढ समजुतीपेक्षा काम पुढे सरकल्याचे दिसले की हुरूप येतो, हे म्हणणे प्रबंधाच्या बाबतीत अधिक खरे आहे. अडचण एवढीच की प्रबंधातील प्रगती सहसा डोळ्यांना दिसत नाही. एका तळटीपेतील सालाची खातरजमा करण्यासाठी जिल्हा गॅझेटियरच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून वाचण्यात अख्खी दुपार जाते आणि संध्याकाळी मसुद्यात भर पडते ती एका ओळीची; मात्र त्या दुपारी कोणता तपशील पक्का झाला, कोणता बाद ठरला आणि उद्या कोणता प्रश्न हाती घ्यायचा, हे तारीख घालून वहीत उतरवले, तर तीच दुपार कारणी लागल्याचे संशोधकाला कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधील अध्ययनाचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसे साठवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२१ साली त्यांनी प्रथम एम.एस्सी.चा प्रबंध पूर्ण केला, ज्याचा विषय प्रांतिक वित्तव्यवस्थेचा, म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील कामापासून त्यांच्या परिचयाचा होता. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा मोठा प्रबंध त्यानंतर सादर झाला, परीक्षकांनी त्यात फेरबदल सुचवले, ते पूर्ण करून १९२३ साली पदवी मिळाली. त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. परंतु मोठ्या कामाआधी एक लहान काम तडीस गेलेले होते, हा क्रमही तितकाच बोलका आहे.

एकट्याच्या चिकाटीवर सारी भिस्त ठेवणे मात्र योग्य नव्हे. फेलोशिप, म्हणजे संशोधकाचा दरमहा निर्वाहभत्ता, महिनोन्महिने रखडली की वहीतील कोणतीही नोंद खोलीचे भाडे भागवू शकत नाही. नियमावलीने प्रत्येक संशोधकासाठी सल्लागार समिती नेमून दर सत्रात तिच्यापुढे कामाचे सादरीकरण करण्याची तरतूद केली आहे. ती सह्या गोळा करण्यापुरती उरली, तर हेतूच हरवतो. मार्गदर्शकांनी तरी आपल्या टेबलावर आलेले प्रकरण, ते कितीही कच्चे असो, पंधरा दिवसांच्या आत वाचून, समासात शेरे लिहून परत द्यावे.