पाण्याच्या नावाने काढलेली बँक

१/९
एरन बर हे नाव निघाले की १८०४ चे द्वंद्व आठवते. त्या द्वंद्वात अलेक्झांडर हॅमिल्टन हा एक माणूस मेला. बर यांचे त्याहून मोठे कृत्य मात्र ‘चातुर्याचा किस्सा’ म्हणून कौतुकाने सांगितले जाते. ते चातुर्य नव्हते.

२/९
१७९८ मध्ये न्यू यॉर्क शहरात पीतज्वराने सुमारे २,००० माणसे दगावली. हा रोग डास पसरवतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते. दोष घाण पाण्याला दिला गेला. शुद्ध पाण्याची मागणी उठली.

३/९
राज्य विधिमंडळाचे सदस्य असलेल्या बर यांना हवी होती बँक. शहरातील दोन्ही बँकांवर प्रतिस्पर्धी फेडरलिस्ट पक्षाचे वर्चस्व होते. तिसरीस सनद मिळणे दुरापास्त होते. म्हणून त्यांनी पाणी मागितले. खुद्द हॅमिल्टन यांनीही पाणीयोजनेस पाठिंबा दिला!

४/९
एप्रिल १७९९ मध्ये मॅनहॅटन कंपनीला २० लाख डॉलर भांडवलाची सनद मिळाली. तिच्यातील एका कलमान्वये शिल्लक भांडवल अन्य व्यवहारांत गुंतवण्याची मुभा होती. न्यायाधीश लॅन्सिंग यांचा आक्षेप डावलला गेला. सप्टेंबरात बँक उघडलीसुद्धा.

५/९
आणि पाणी? ब्राँक्स नदीचे पाणी आणण्याची सूचना कंपनीने बाजूला सारली. विहीर खोदली ती कलेक्ट तळ्याजवळ, जिथे कातडी कमावणाऱ्या कारखान्यांची घाण मुरत होती. नळ म्हणजे पोखरलेले लाकडी ओंडके.

६/९
समर्थक म्हणतात, बँकेची मक्तेदारी तर मोडली! मोडली खरी. पण ती तहानलेल्यांच्या नावावर का मोडावी? त्याची किंमत बँकेच्या भागधारकांनी मोजली नाही.

७/९
पुढे महापौर झालेले डी विट क्लिंटन हे याच कंपनीचे संचालक होते. पाणी मागणारे शहर आणि पाणी न देणारी कंपनी, दोन्हीकडे एकच माणूस. जाब विचारायचा कोणी?

८/९
१८३२ मध्ये पटकी आली. सुमारे ३,५०० बळी गेले. ते सारे एका कलमाच्या माथी मारता येणार नाहीत. परंतु ३३ वर्षे शहराला शुद्ध पाणी मिळाले नाही, याचे उत्तर त्या कलमातच सापडते. क्रोटन नदीचे पाणी १८४२ मध्ये आले, तेही सार्वजनिक पैशातून.

९/९
लाकडी नळ कुजले, बँक टिकली. आजच्या जेपी मॉर्गन चेसच्या वंशावळीत ती आहे. लोकहिताच्या कायद्याचे शीर्षक सारेच वाचतात. इतिहासाच्या अभ्यासकाने शेवटचे कलम वाचावे आणि ते कोणाच्या लाभाचे, हे विचारावे.