नादारीची लाज

नादारीचा अर्ज करणारा मनुष्य अब्रूला मुकला, त्याने यापुढे चारचौघांत मान वर करू नये, असे मानणाऱ्या सद्गृहस्थांची आपल्या समाजात वाण नाही. आणि दुर्दैव असे की, हा निवाडा सर्वांच्या आधी तो अभागी ऋणकोच स्वतःवर बजावून मोकळा होतो. ऋण फेडल्यावाचून सद्गती नाही, हे धर्मवचन सर्वांच्या तोंडी असते. परंतु व्याजाने मुदलाची मर्यादा ओलांडू नये, हा दामदुपटीचा नियमही त्याच धर्मशास्त्राचा, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

मग मार्क ट्वेनचा दाखला पुढे येतो. १८९४ साली त्याच्या प्रकाशनसंस्थेचे दिवाळे वाजले, तेव्हा साठीकडे झुकलेला हा लेखक व्याख्याने देत जगभर हिंडला, १८९६च्या जानेवारीत मुंबईलाही येऊन गेला, आणि त्याने पैन् पै फेडली. दाखला खरा, पण तो आक्षेपकांवरच उलटतो. कारण संस्था आधी रीतसर धनकोंच्या स्वाधीन झाली आणि हेन्री रॉजर्स या स्नेह्याने त्यांना सबुरीस राजी केले, म्हणूनच ट्वेनला कमावण्याची उसंत मिळाली.

लबाडांचे काय? दागदागिने बायकोच्या नावे करून कोर्टाची पायरी चढणारे असतात, हे कबूल. परंतु मुंबईत आजही चालणाऱ्या १९०९च्या कायद्यान्वये नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांतली अशी फुकट हस्तांतरे रद्द होऊ शकतात. आणि प्रामाणिक ऋणकोची हत्यारे, कपडे, अंथरूण-पांघरूण व स्वयंपाकाची भांडी, तीनशे रुपयांच्या मर्यादेत का होईना, तोच कायदा जप्तीतून वगळतो. रक्कम आज हास्यास्पद आहे, हेतू मुळीच नाही.

राहिली मनाची यातना. अर्जासाठी देण्याघेण्याची यादी करावी लागते; बँक, पतपेढी, वाणी ही नावे भराभर उतरतात, पण मेहुण्याकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेपाशी लेखणी अडते, कारण ती घरात कोणालाच ठाऊक नसते. फोन वाजताच गॅलरीत जाणारा, टपाल परस्पर उचलणारा, जुना हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज काढणारा माणूस याच एका ओळीच्या धाकाने खंगत आलेला असतो, आणि कोर्टाचा कोणताही हुकूम हा धाक उतरवू शकत नाही. म्हणून ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला असेल, त्याला विनंती एवढीच, की वकिलाकडे जाण्यापूर्वी ती यादी पत्नीसमोर बसून पुरी करावी, आणि मेहुण्याला कोर्टाची नोटीस पोहोचण्याआधी आपण स्वतः जाऊन सांगावे.