अद्भुताची पारख

ताथवडे हे गाव मुंबई–बंगळूर महामार्गाच्या कडेला वसलेले आहे. एके काळी शेतीवर जगणारे हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामील झाले आणि पाहता पाहता तेथे उंच इमारती व महाविद्यालये उभी राहिली. एका अंगास हिंजवडीतील संगणक-उद्योग आणि दुसऱ्या अंगास पिंपरी-चिंचवडचे कारखाने असल्यामुळे येथील घराघरांत यंत्रांची, मोजमापांची आणि हिशेबाची भाषा बोलली जाते. अशा ठिकाणी एखाद्या मुलाच्या गणिताच्या वहीचे मागील पान उघडावे आणि तेथे भुयाराच्या तोंडाशी तलवार उपसून उभा राहिलेला वीर, धुरातून प्रकट होणारा मांत्रिक आणि सात फण्यांचा नाग अशी चित्रे ओळीने मांडलेली दिसावीत, ह्यात नवल काहीच नाही. नवल वाटते ते मोठ्या माणसांच्या वागण्याचे. वही पाहून एक जण म्हणतो, “हा केवळ वेळेचा अपव्यय आहे!” दुसरा म्हणतो, “वा! फारच छान!” आणि लगेच वही मिटतो. पहिल्याने ती कथा वाचलेली नसते आणि दुसऱ्यानेही वाचलेली नसते. एकाने निंदा केली, दुसऱ्याने स्तुती केली. परंतु पारख मात्र दोघांनीही केली नाही.

तलवार आणि जादू ह्यांच्या कथा परदेशातून आल्या व त्यांनी आपल्या मुलांना नादी लावले, असा पुष्कळांचा समज असतो. त्यात थोडे तथ्य आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात राहणाऱ्या रॉबर्ट हॉवर्ड ह्या लेखकाने १९३२ साली कॉनन नावाच्या रानटी वीराची पहिली कथा प्रसिद्ध केली. अशा कथांना ‘तलवार आणि जादू’ हे नाव १९६१ साली फ्रिट्झ लायबर ह्या लेखकाने सुचविले, आणि १९७० पासून कॉनन चित्रकथांच्या पानांवरही अवतरला. आपल्याकडे १९६४ साली मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागली; ती पुढे मराठीतही आली आणि वेताळ व जादूगार मँड्रेक हे मुलांच्या ओळखीचे झाले. परंतु नाव नवे असले म्हणून वस्तूही नवी असते असे नव्हे.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकात रंगविलेली सिंहलाची कथा पाहावी. सिंहल नावाचा व्यापारी आपल्या सोबत्यांसह समुद्रात संकटात सापडतो आणि एका बेटाला लागतो. तेथील सुंदर स्त्रिया वस्तुतः राक्षसी असतात. एक अद्भुत शुभ्र अश्व त्या व्यापाऱ्यांना पाठीवर घेऊन आकाशमार्गाने निघतो. पण मागे राहिलेल्या त्या मायेच्या संसाराची ज्यांना ओढ वाटते ते खाली पडतात, आणि एकटा सिंहल तरून जातो. अखेरीस तो राजा होऊन सैन्यासह त्या बेटावर चाल करतो. जहाज, राक्षसी, उडता घोडा, हत्ती आणि शस्त्रे ह्यांपैकी काय ह्या कथेत नाही? चित्रकाराने चौकटी आखलेल्या नाहीत. एक प्रसंग दुसऱ्यात मिसळून जातो, आणि तोच सिंहल भिंतीवर पुनःपुन्हा दिसतो. दीड हजार वर्षांपूर्वीची ती चित्रकथाच होय.

कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा आजवर जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे असलेले कागद एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरावयाचे आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगावयाची, अशी ही कला आहे. ती जिवंत ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. पुढे छापखान्याच्या युगात १९५२ पासून ‘चांदोबा’ मासिक मराठीत निघू लागले. एका हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा त्याच्या पानांतून घरोघरी पोहोचला. प्रताप मुळीक ह्या मराठी चित्रकाराने अमर चित्रकथेसाठी पुराणांतील व इतिहासातील वीर रेखाटले, आणि १९८६ साली अवतरलेल्या ‘नागराज’ ह्या हिंदी चित्रकथेच्या नायकालाही त्यांच्याच कुंचल्याने आरंभीचे रूप दिले. तात्पर्य, वहीच्या मागील पानावरचा तो मांत्रिक परका पाहुणा नाही. तो ह्याच घरातला आहे.

मात्र घरातला असला म्हणून त्याचे सारेच गुण मानावेत असे नाही. चित्रकथा रचणे हे खेळाइतके सोपे काम नव्हे. कथेचे प्रसंग पाडावे लागतात. कोणता प्रसंग मोठ्या चौकटीत दाखवावा आणि कोणता गाळावा हे ठरवावे लागते. प्रथम पेन्सिलीने आराखडा, मग शाईची रेघ, मग रंग आणि अक्षरे, असा तो क्रम असतो. तलवार उगारल्याचे चित्र पहिल्या चौकटीत आणि ढाल दुभंगल्याचे दुसऱ्या चौकटीत असते. प्रत्यक्ष घाव दोहोंच्या मधील कोऱ्या पट्टीत, म्हणजे वाचकाच्या मनात पडतो. ज्या चित्रकाराला ही कोरी जागा वापरता येते त्याला पुष्कळ रक्त सांडावे लागत नाही.

ह्याहून अवघड गोष्ट जादूची आहे. जादूने काहीही घडू शकते असे एकदा ठरले, की कथेत कशाचीच चिंता उरत नाही. नायक दरीत कोसळला तरी वाचक निर्धास्त असतो. कारण पुढच्या पानावर त्याला पंख फुटणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून चांगल्या अद्भुत कथेत जादूला नियम असतो. वेताळाची गोष्ट इतकी शतके टिकली ती नियमामुळेच. राजाने मौन पाळून प्रेत न्यावयाचे आहे. तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार, आणि उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. ह्या पेचामुळे राजाची प्रत्येक फेरी वाचकाला आपली वाटते. त्यातही विशेष असा, की हाती तलवार असूनही राजा फेरीमागून फेरी जिंकतो ती विवेकाने. तलवारीचा खरा घाव कथेच्या शेवटी पडतो. ज्या कपटी भिक्षूने राजालाच बळी देण्याचा बेत केलेला असतो, त्याचा डाव वेताळाने आधी सांगितलेल्या युक्तीने उलटवून राजा त्याचा वध करतो. पंचवीस कथांच्या अखेरीस पडणारा हा एक घाव, पानोपानी होणाऱ्या शंभर घावांपेक्षा अधिक खोल जातो.

ह्या वेताळकथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, आणि त्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त सांगितले जाते. त्या मूळ ग्रंथाची जी आख्यायिका सोमदेवाने दिली आहे ती कथा रचणाऱ्यांनी व पारखणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानी ठेवावी अशी आहे. गुणाढ्य हा प्रतिष्ठान नगरीच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री होता. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या भाषांचा त्याग केला व तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पैशाची भाषेत त्याने सात वर्षे खपून सात लक्ष श्लोकांचा कथाग्रंथ लिहिला. आणि रानात शाई नव्हती म्हणून तो स्वतःच्या रक्ताने लिहिला. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. राजाने भाषा पाहिली, रक्ताची अक्षरे पाहिली आणि ग्रंथ तुच्छतेने परत पाठविला. कथा कशी आहे हे त्याने पाहिलेच नाही.

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एक एक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. हरणे, रानडुकरे आणि इतर पशू चरणे सोडून त्याच्याभोवती गोळा झाले व डोळ्यांत पाणी आणून ऐकू लागले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस शुष्क होऊ लागले व राजा आजारी पडला. व्याधांकडे चौकशी केली तेव्हा खरा प्रकार कळला. राजा धावत टेकडीवर गेला. पण तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. शिष्यांना आवडणारी एक कथा, एक लक्ष श्लोकांची, तेवढी उरली होती.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु तिच्यात परीक्षणाचा एक कठोर धडा सांगितलेला आहे. राजा दुष्ट नव्हता. तो केवळ न वाचता बोलला. रानातील पशूंना भाषाशास्त्र कळत नव्हते. त्यांनी फक्त अखेरपर्यंत ऐकले.

असे राजे आधुनिक काळातही होऊन गेले. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थॅम ह्या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. त्या वेळचे काही अंक खरोखरच किळसवाणे होते, हे नाकारता येत नाही. पण त्या गदारोळात प्रकाशकांनी स्वतःवर जी नियमावली लादून घेतली तिने चांगले आणि वाईट असा निवाडा केला नाही. भयकथेच्या नावातील शब्दांपासून रक्तपिपासू पिशाच्चांपर्यंत सरसकट बंदी घातली. पुढे २०१२ साली कॅरल टिली ह्या संशोधिकेने वर्थॅमची टिपणे तपासली, तेव्हा त्याने आपल्या पुराव्यांत फेरफार केल्याचे उघड झाले. बंदी घालणे सोपे असते. कारण तिच्यासाठी प्रत्येक पान वाचावे लागत नाही. परीक्षण अवघड असते. कारण त्यासाठी वाचावेच लागते.

मग परीक्षण कसे करावे? “मला आवडले” हे परीक्षण नव्हे. तो परीक्षणाचा आरंभ होय. का आवडले, कोणत्या पानावर आवडले आणि कोठे मन उडाले, हे पुराव्यासह सांगितले म्हणजे त्या आवडीला मताचे वजन येते. जादूचा नियम लेखकाने अखेरपर्यंत पाळला की अडचण येताच मोडला? चित्र जे सांगते तेच शब्दांनी पुन्हा सांगितले आहे काय? खलपुरुष दुष्ट का झाला, ह्याचे काही कारण दिले आहे की केवळ तो काळा व कुरूप रंगविला आहे? राजकन्येला स्वतःची बुद्धी आहे की तिचे काम फक्त किंकाळी फोडणे आणि सुटका होण्याची वाट पाहणे एवढेच आहे? हे प्रश्न लहानसहान नाहीत. अशा कथांत कातडीच्या रंगावरून दुष्टपणा ठरविण्याची आणि पराक्रम पुरुषांपुरताच राखून ठेवण्याची खोड जुनी आहे. वेताळाच्या प्रसिद्ध चित्रकथांतही अरण्यातील कृष्णवर्णी जमातींचे रक्षण करावयास पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा वीरच लागतो. वाचकाने त्या कथांचा आनंद जरूर घ्यावा. परंतु हे व्यंग दिसल्यावर डोळे मिटू नयेत. जे प्रिय आहे त्याचे दोष सांगता येणे ही पारखीची खरी कसोटी होय.

तसेच परीक्षकाने काही मर्यादाही पाळाव्यात. कथेचे रहस्य फोडून पुढच्या वाचकाचा आनंद हिरावून घेऊ नये. दोष कलाकृतीचे दाखवावेत, करणाऱ्याला हिणवू नये. आणि अकरा वर्षांच्या मुलाने काढलेली चित्रे मुरलेल्या चित्रकाराच्या मापाने मोजू नयेत. पण ती मोजूच नयेत असेही नाही. खोट्या स्तुतीने हात सुधारत नाही. “हा मांत्रिक तिसऱ्या चौकटीत डावखुरा आहे आणि पाचव्या चौकटीत उजव्या हाताने दंड फिरवितो,” असे कोणी दाखवून दिले तर मुलाला क्षणभर वाईट वाटेल. परंतु आपले चित्र कोणीतरी इतक्या बारकाईने पाहिले ह्याचा आनंद त्याला पुष्कळ दिवस पुरेल.

ज्या परिसरात यंत्राचा सुटा भाग मापात आहे की नाही हे तपासल्यावाचून पुढे जात नाही, तेथील माणसांना पारख म्हणजे काय हे वेगळे शिकवावयास नको. तपासणारा भागाचा शत्रू नसतो. भाग नीट बसावा म्हणूनच तो तपासतो. हीच दृष्टी वहीच्या मागील पानाकडे वळली पाहिजे. मुलाने वही पुढे केली असता वडीलधाऱ्यांनी ती खुशाल हातात घ्यावी, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत वाचावी आणि मग विचारावे, “ह्या नागाला सात फणे आहेत, पण तो एकाच फण्याने का लढतो?” मूल क्षणभर विचारात पडेल आणि बहुधा पेन्सिल उचलेल. गुणाढ्याला असा एक प्रश्न विचारणारा वाचक वेळीच भेटला असता, तर सहा लक्ष श्लोक आजही वाचावयास मिळाले असते.